हिरवीचं उजवं टोक

११ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

काल घरी पोचलो. नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही, तरी आधी हे लिहायला बसलो. कारण निघताना दारात मी जे सांगत होतो त्यातलं तुम्ही काही ऐकलं नाही. तुम्ही माझा डबा बांधत होता आणि दादा टॅक्सीवाल्याशी वाद घालत होता. म्हणून सगळं पुन्हा लिहितो. पत्र मशीनच्या खणात ठेवा.

हिरवी आता ठणठणीत आहे. तिला बनवणारे लोक आज असते तर त्यांना बोलावून दाखवली असती. रेडिओच्या कॉइली गुंडाळायला बनवलेलं मशीन, आपल्या सगळ्यांहून वयाने मोठं. तिच्यावर आज गिटारचे पिकअप निघतात हे त्यांना खरं वाटलं नसतं. दादालाही ते अजून कळलेलं नाही. 'आमच्या हिला गिटारीची चुंबकं गुंडाळायचा नाद आहे' असं तो शेजारच्यांना सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याला एकदा खुर्चीत बसवून सांगा: इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी चपटी डबी असते, तिच्यात चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला म्हणतात पिकअप. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, आणि त्या विजेचा पुढे आवाज होतो. वेढे बिघडले तर लाकूड कितीही उंची वापरा, गिटार मुकी ती मुकीच.

आता काय केलं ते. पट्टा नवा घातला. जुन्याला पाच ठिकाणी ठिगळं होती, त्यातलं एक दादाच्या कमरेच्या पट्ट्याचं होतं. काउंटर उघडून धुतला आणि हाताने फिरवून तपासला, एक फेरासुद्धा चुकवत नाही. ज्यात शाफ्टचा दांडा फिरतो ते डाव्या टोकाचं बुश मात्र झिजलंय. शाफ्ट धरून हलवला तर कट्कट वाजतो. तसलं बुश दुकानात मिळत नाही, मला लेथवर कातून काढावं लागेल. तोवर तुमचं काम अडू नये म्हणून मी, ज्यावर तार गुंडाळता ती बॉबिन बसवायची चकती डाव्या टोकावरून काढून उजव्या टोकावर बसवली आहे. शाफ्ट दोन्ही बाजूंना बाहेर आलेला आहेच. बनवणाऱ्याला अक्कल होती. तुम्हाला खुर्ची हातभर सरकवावी लागेल, एवढंच. चकती पूर्वीसारखीच वरून तुमच्या अंगाकडे फिरत येते. शिवाय खिडकीचा उजेड आता थेट तारेवर पडतो. हे मला तिथे उभं असताना सुचलं, कुणी सांगितलं नव्हतं.

तेल शिलाई मशीनचंच, दोन्ही बुशांना दोन-दोन थेंब. तेलाच्या डबीला दादाचा हात लागता कामा नये. मागच्या खेपेला त्याने डोक्याचं तेल ओतलं होतं. आठवडाभर हिरवी न्हाव्याच्या दुकानासारखी घमघमत होती.

या मशीनला आता कुणी बोट लावून दाखवावं.

तुमचा,
भावजी


६ फेब्रुवारी

भावजी,

पत्र खणात ठेवलं आहे. यांना खुर्चीत बसवून पिकअप म्हणजे काय ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चुंबकंच ना?"

हिरवी इतकी हळू आवाजात चालते की हे दोनदा आत डोकावून विचारून गेले, बंद पडली का म्हणून. उजेडाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. तार आता सोन्यासारखी चमकते, तुटायच्या आधीच दिसते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

आपला गिटारवाला सोमवारी आला होता. मी नुकतेच दिलेले सगळे पिकअप परत घेऊन आला, रुमालात बांधून. नऊ वर्षांत त्याने एकही परत आणला नव्हता. म्हणाला, "बाई, कसं सांगू, आवाज पोकळ येतोय. नाकातून बोलल्यासारखा. दम नाही त्याला." तुम्हाला माहीत आहे, तो लाकडातला माणूस. लाकडावर टिचकी मारून ते किती वाळलंय सांगेल, पण तारांच्या बाबतीत पांढरी इथे आणि काळी तिथे एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे बिघाड कशाचा ते त्याला सांगता येईना, आणि मलाही.

त्याच्या गिटारीला दोन पिकअप लागतात. मानेकडचे मी डिसेंबरात, तुम्ही यायच्या आधीच, देऊन ठेवले होते आणि ते त्याने बसवलेत. हे परत आणलेले घोडीकडचे, तारा जिथे टेकतात तिथले. हिरवी नीट झाल्यावर गुंडाळलेले हे पहिलेच. मीटरवर मी एकेक तपासून दिला होता. परत आल्यावर पुन्हा तपासला. आकडे जसे हवेत तसे आहेत.

त्याच्या गिटारी मार्चअखेरीस बाहेरगावी जायच्या आहेत. पिकअप दुसरीकडून घेईन असं तो बोलला नाही. पण एरवी तो खुर्ची ओढून बसतो, चहा मागून घेतो. या वेळी उभाच होता, आणि टोपी हातात होती.

मला हिरवीबद्दल शंका नाही. तरी विचारून ठेवते: काही राहिलं तर नाही ना?

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. 'काही राहिलं तर नाही ना' हे वाक्य दोन्ही वेळा तिथेच होतं.

काही राहिलेलं नाही. मी जन्मात एकदाही मशीन अर्धवट सोडून उठलेलो नाही. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून माझं कुठे चुकलं तर पदरात घ्यायला गुरूही नाही. मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो ती त्यामुळेच. शाफ्ट सरळ आहे, काउंटर खरा आहे, वेग जुनाच आहे. आकडे बरोबर भरतात म्हणजे वेढे पुरे आहेत, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मग मशीनने आणखी काय करायचं?

तारेचं रीळ नवीन काढलंत का? असेल तर तारेवरचं वार्निश नखाने खरवडून पाहा, जुन्याइतकंच चिवट हवं. पिकअप ज्या मेणात बुडवता ते जास्त तापलं का पाहा. मेण धुरायला लागलं की आतली तार सुटी होते. हे दोन्ही नीट असेल तर मग उरतो हात.

हे लिहू की नको असं झालं होतं, पण जे आहे ते सांगायचा माझा स्वभाव आहे. हिरवीला ताण धरायची काही सोय नाही. तार तुमच्या अंगठ्या-बोटांमधून जाते, तोच तिचा ताण. ती पकड सैल पडली तर वेढे सैल बसतात, आणि सैल कॉइलचा आवाज पोकळच येणार. वय कुणाला चुकलंय? मलाही आता बारीक आटे पाहायला चष्मा लागतो. वेटोळ्याची जाडी मोजून पाहा. हात सैल पडला असेल तर कॉइल जुन्यापेक्षा फुगीर भरेल.

राग मानू नका.

भावजी


५ मार्च

भावजी,

उत्तराला उशीर झाला. तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं.

रीळ तेच जुनं आहे. वार्निश चिवट आहे. मेण मी कधीच धुरू दिलेलं नाही, तरी नवं मेण आणून पुन्हा घोडीकडचे दोन पिकअप केले. जाडीही मोजली. जुन्याइतकीच भरली. पण आता माझ्याच हाताने मोजलेल्या जाडीवर मी तरी किती भरवसा ठेवायचा?

ते दोन घेऊन मी स्वतः गिटारवाल्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर दोन गिटारींत बसवले, मानेकडच्या जुन्यांच्या जोडीला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण नऊ वर्षं त्याच्याकडे ऐकतेय. आवाज खरंच पोकळ आला. रिकाम्या डब्यात कुणी बोलावं तसा. तो भला माणूस आहे, माझी समजूत घालायला लागला. म्हणाला, "बाई, एकेकटा लावला तर छान वाजतो हो, जुन्यासारखाच. दोन्ही एकदम लावले की काय होतं कोण जाणे." गिटारीवरची कळ फिरवून एकेकटा लावून दाखवतही होता. मी म्हटलं राहू द्या. माणूस चांगुलपणाने बोलतो तेव्हा आपण किती ताणायचं.

तेव्हा तुम्ही म्हणता तसंच आहे. मशीन नीट आहे, तार नीट आहे, मेण नीट आहे. उरतो हात.

मी ठरवलंय, आता बंद करते. जोवर माल परत येत नव्हता तोवर मान होता. परत यायला लागल्यावर रेटत राहायचं मला जमणार नाही. कोपऱ्यावर नवा कॅफे निघालाय, त्याच्या मालकाला जुन्या वस्तू मांडून ठेवायची हौस आहे. हे जाऊन त्याच्याशी बोलून आले. तो हिरवी न्यायला तयार आहे. दारातून आत शिरलं की समोरच ठेवणार, काचेच्या पेटीत, वर दिवा सोडून. पंधरा तारखेला टेम्पो पाठवतो म्हणाला.

तुम्ही लेथवर बुश काढत असाल तर थांबवा. कॅफेत ती फिरणार नाही.

तुम्ही तिची फार निगा राखलीत. तुमच्या कामात कधीच काही राहिलं नाही.

वहिनी


५ मार्च

गड्या,

हे पत्र तुझ्या वहिनीला न सांगता लिहितोय. तिचं पत्र पोस्टात टाकायला मलाच पाठवलंय. हे त्याच्यासोबत टाकतो, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी तुझ्या डोक्यावर पडतील.

तू तिला लिहिलेलं पत्र मी वाचलं. मशीनबद्दल तू पानभर लिहिलंस आणि तिच्या हाताबद्दल चार ओळी. तिने त्या चार ओळीच वाचल्या. गेले तीन आठवडे त्याच वाचतेय.

तुला एक ठाऊक नाही. मलाही ठाऊक नव्हतं, मी हळूहळू पाहिलं. वर्षभर सकाळी उठल्यावर तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर असतात. कप उचलायच्या आधी दोन्ही हात पदरात चोळते. मी विचारलं तर म्हणते, थंडी आहे. चांगल्या उन्हात थंडी! डॉक्टरकडे चल म्हटलं तर येत नाही. डॉक्टर काय म्हणेल याची तिला भीती वाटते. त्यात तुझं पत्र आलं. डॉक्टरने म्हणायच्या आधी तूच म्हणून बसलास.

कॅफेवाला मीच शोधला, हेही सांगून टाकतो. मला वाटलं, तिच्या जिवाला लागलेला घोर तरी जाईल. पण रोज उठून त्या मशीनवरून फडकं फिरवते. गुंडाळत काही नाही, नुसती पुसते. परवा मला म्हणाली, "काचेत ठेवल्यावर तेल कोण घालणार?" मी म्हटलं, मी घालीन की. ती हसली नाही. माझ्या तेलावर ती आजवर हसली नाही असं कधी झालेलं नाही.

तू या घरातला हुशार म्हणून मिरवतोस ना? मग काहीतरी कर. फोन करू नकोस. तुझं नाव दिसलं की ती उचलत नाही, आणि माझ्या फोनचं तुला माहीत आहे, तो कुठे असतो ते मलाही माहीत नसतं.

दादा


९ मार्च

वहिनी,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाचा, मग माझ्यावर काय ओरडायचं ते ओरडा. फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. दादाचा नुसता वाजत राहतो, बहुतेक गादीखाली असावा.

हिरवी जागची हलवू नका. कॅफेवाल्याला नाही म्हणून सांगा. तुमचा हात एका वेढ्यानेही चुकलेला नाही. चूक माझी आहे.

हे वरचं शेवटचं वाक्य लिहायला मला अर्धी सकाळ लागली, तेव्हा ते नीट वाचा.

तुमच्या पत्रातलं गिटारवाल्याचं बोलणं वाचलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. 'एकेकटा लावला तर छान, दोन्ही एकदम लावले की पोकळ.' तुम्हाला वाटलं तो समजूत घालतोय. तो समजूत नव्हता घालत. तो दुखणं सांगत होता, अगदी जिथे दुखतंय तिथे बोट ठेवून. हे वाक्य तुम्ही मला फेब्रुवारीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार होतो. पण फेब्रुवारीत मी तुम्हाला विचारलंच कुठे? मी तार विचारली, मेण विचारलं, तुमचं वय काढलं. तो गिटार कशी वाजवून पाहतो, हे विचारायचं सुचलं नाही. माझं मशीन बरोबर आहे हे मी आधीच ठरवून बसलो होतो.

आता ऐका. दादाची सायकल घ्या आणि मागचं चाक उचलून कुणाला तरी पायडल मारायला लावा. डाव्या बाजूला उभं राहून पाहिलंत तर चाक घड्याळाच्या उलट फिरताना दिसेल. उजव्या बाजूला जाऊन पाहा, तेच चाक घड्याळासारखं फिरतंय. चाक एकच आणि फिरणंही तेच, फक्त आपण बाजू बदलली.

मी हिरवीची बाजू बदलली. बॉबिन तुम्ही नेहमी तोंड बाहेर करून चकतीवर बसवता. डाव्या टोकाला होती तेव्हा तिचं तोंड डावीकडे असायचं, आता उजवीकडे असतं. शाफ्ट तसाच फिरतो, चकती पूर्वीसारखीच तुमच्या अंगाकडे येते, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. आणि मला दिसला नाही याला काही सबब नाही. पण बॉबिनच्या हिशेबाने सगळे वेढे उलट्या दिशेने बसले.

एकट्या पिकअपला त्याचं काही वाटत नाही. वेढे तेवढेच, आकडे तेच, आवाजही तोच. पण गिटारवाल्याने मानेकडचा बसवला डिसेंबरातला, सुलटा, आणि घोडीकडचा आत्ताचा, उलटा. दोन्ही एकदम लावले की एकाची वीज पुढे ढकलते आणि दुसऱ्याची मागे ओढते. टॉर्चमध्ये दोन सेल एकमेकांच्या विरुद्ध घातल्यासारखं. भरीव आवाज दोघांच्या भांडणात मरतो, वर उरते ती नुसती नाकातली कुरकुर. नऊ वर्षं तुमचा प्रत्येक पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेला होता, म्हणून त्याला हे कधी भेटलंच नाही. गिटार बनवणाऱ्या दुसऱ्या कुणी दहा मिनिटांत ओळखलं असतं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. या खेपेला तरी नकोच. मी ठेवून गेलेलं काट्याचं मीटर काढा, आकड्यांचं नको. ते सगळ्यात नाजूक मापावर लावा. पिकअपची पांढरी तार लाल टोकाला आणि काळी तार काळ्या टोकाला जोडा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर चुंबकाला टेकवा आणि झटकन उचला. उचलताना काटा एका बाजूला झटका घेईल. एक जुना पिकअप असा पाहा आणि एक परत आलेला पाहा. दोन्ही काटे एकाच बाजूला गेले तर मी खोटा आणि हिरवी खुशाल काचेत ठेवा.

विरुद्ध गेले तर गिटारवाल्याला एवढंच सांगा: घोडीकडच्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल कर. पांढरीच्या जागी काळी, काळीच्या जागी पांढरी. परत गुंडाळायचं काही नाही. कथलाच्या डागाचे दोन ठिपके आणि काम झालं.

जाडी जुन्याइतकीच भरली, असं तुम्ही लिहिलंत. पुरावा तोच होता. सैल हाताची कॉइल फुगते, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. ती फुगली नाही आणि तरी तुम्ही माझं ऐकलंत, स्वतःचं नाही. याचं मला जास्त लागलं.

आणखी एक. दादाने मला काहीबाही लिहिलंय, त्याच्यावर चिडू नका. काम चुकलेलं नाही म्हणजे हात दुखत नाही असं होत नाही. मशीन चालत असतानाच दाखवायचं असतं, बंद पडल्यावर नाही, हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. डॉक्टरकडे जाऊन या.

तुमचा,
भावजी


२० मार्च

भावजी,

तुमचं पत्र तेरा तारखेला आलं. यांनी ते दारातच फोडलं, माझ्या नावाचं असूनही, आणि मोठ्याने वाचत आत आले. सायकलपर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, "माझी सायकल कशाला हवी याला?"

सायकल उलटी करून अंगणात ठेवली. यांनी पायडल मारलं. मी या बाजूने पाहिलं, मग त्या बाजूने पाहिलं, मग परत या बाजूला आले. शेजारीण गॅलरीतून विचारत होती, काय हरवलंय का? मी म्हटलं, हो, सापडतंय.

मग मीटर लावलं. स्क्रू ड्रायव्हर मी धरला नाही. खरं सांगते, हिंमत झाली नाही. हे म्हणाले, मी धरतो. मी काट्याकडे बघत बसले. जुना पिकअप लावला, यांनी उचललं, काटा उजवीकडे उडाला. परत आलेल्यातला एक लावला. काटा डावीकडे. मी म्हटलं पुन्हा. पुन्हा डावीकडे. मग परत आलेले सगळे एकेक करून लावले, आणि प्रत्येक वेळी हे विचारत होते, "चांगलं ना? हे चांगलं ना?" मान हलवली तर ती होची की नाहीची तेही यांना कळेना. शेवटी मीटर बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, निदान कोणत्या बाजूने रडतेस ते तरी सांग."

गिटारवाल्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तारा उलट्या? मी कधी उलट्या लावत नाही." मी म्हटलं, म्हणूनच. आत्ताच लावा, मी फोन धरून आहे. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने वाजवलं. त्यानंतर तो सरळ इथे आला आणि खुर्ची ओढून बसला. चहा झाल्यावर म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, एकेकटा छान वाजतो. तुम्ही मला दाखवू दिलं नाहीत." हे त्याचं बरोबर आहे. मी त्याला तसं सांगितलं.

टेम्पो पंधरा तारखेला आलाच. दोन माणसं, दोर, जाड गोधड्या. कॅफेवाल्याला यांनी आधी सांगायचं ठरलं होतं, यांनी सांगितलं नव्हतं. दारातच म्हणाले, मशीन नाही देत, मशीन कामात आहे. तो बिचारा म्हणाला, मी काचेची पेटी करून घेतलीय हो. तर हे आत गेले आणि कपाटावरून त्यांचा टाइपरायटर उतरवून घेऊन आले. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातून मागून आणलेला, ज्याला मला कधी पुसूसुद्धा दिलं नाही तो. मी नको नको म्हणेपर्यंत गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला. वर त्या माणसांना बजावलं, "जपून न्या, 'र' अडकतो." पेटी मोठी आणि टाइपरायटर लहान, त्यामुळे बाजूने कुंड्या ठेवल्यात. हे रोज जाऊन बघून येतात. कॉफी घेत नाहीत, नुसते बघून येतात.

डॉक्टरकडे गेले. तिने सुईने बोटं टोचून पाहिली, डोळे मिटायला लावून. मी प्रत्येक वेळी कुठलं बोट ते सांगितलं. काय काम करता विचारलं. मी म्हटलं, केसाहून बारीक तार बोटांतून सोडते आणि ती तुटणार असेल तर आधी कळतं. ती म्हणाली, मग तुम्हाला माझी काय गरज? झोपेत मी मनगट दुमडून गालाखाली घेते, त्याने तिथली शीर दबते. एक पट्टी दिलीय, झोपताना बांधायची. सकाळचा बधिरपणा पुरता गेला नाही, कमी झालाय. काल कप पदरात हात न चोळता उचलला. यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तुम्ही माझ्या हाताला बोल लावलात, तो राग अजून गेलेला नाही. जाईल, पण पत्राने जाणार नाही. इथे या. मी हिरवीवर बसेन, तुम्ही शेजारी उभे राहायचं, आणि एक पूर्ण कॉइल होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला जमलं तर झालं गेलं विसरले.

बुश काढाच. पण चकती मला उजवीकडेच राहू द्या, उजेड चांगला आहे. उलटं गुंडाळलं जातंय हे माहीत असलं की पुरे. मी आता काळी आणि पांढरी तार मुळातच बदलून जोडते, म्हणजे गिटारवाल्याला डोकं चालवावं लागत नाही. हे मला इथे बसल्या बसल्या सुचलं, कुणी सांगितलं नव्हतं.

काल त्याला पहिला नवा जोड दिला, दोन्ही पिकअप याच आठवड्यातले. बसवून झाल्यावर त्याने फोन केला. माझे हात मेणाने भरले होते, म्हणून यांनी फोन कानाला लावला. पलीकडून वाजायला लागलं. मला लांबून नुसती किणकिण ऐकू येत होती. मी विचारलं, "कसं येतंय? पोकळ आहे का?"

हे म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? पण तो थांबतच नाहीये."

वहिनी